आंबा घाट चढताना जुनी पिकअप तापते, हेड गॅस्केट गेलंय की दुसरं काही?

पावसचा_आंबेवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००८ ची डिझेल पिकअप आहे, टर्बोवाली, एसी नाही, वडिलांनी नवी घेतली तेव्हापासून घरातच आहे. एप्रिल-मे मध्ये पावसहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या घेऊन जातो, बाकी वर्षभर चिरे, खत, सिमेंट असं इथलंच काम. प्रॉब्लेम असा आहे की हातखंबा, पाली, नाणीज करत साखरप्यापर्यंत टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या खाली असतो, हलत पण नाही. आंबा घाट सुरू झाला, पुढे एखादा लोडेड ट्रक लागला आणि सेकंड गिअरवर सरकायला लागलो की काटा चढायला लागतो आणि घाटाचा पहिला टप्पा संपेपर्यंत लालच्या तोंडाशी येतो. बाजूला घेऊन बॉनेट उघडून थांबलो की उतरतो, परत निघालो की परत तेच. येताना रिकामी गाडी घाट उतरते तेव्हा काहीच त्रास नाही.

अजून एक, रिझर्व्हची बाटली गच्च भरते, कधी बाहेर पण येतं, पण सकाळी थंड गाडीचं झाकण काढून बघितलं तर रेडिएटरमध्ये पाणी खाली गेलेलं असतं. ऑइल नॉर्मल आहे, पाणी मिसळून दुधासारखं झालेलं नाही. पाणी आमच्या विहिरीचं घालतो, कूलंट आधीपासूनच कधी वापरलेला नाही.

तीन ठिकाणी दाखवली. एक म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवावं लागेल. दुसरा म्हणाला रेडिएटर संपलाय, नवीन टाक. तिसऱ्याने थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व) काढून टाकला आणि म्हणाला आता तापणार नाही, पण फरक काहीच नाही, उलट सकाळी इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो. सीझन चालू आहे, पाऊस लागायच्या आत माल उचलायचाय, गाडी आठवडाभर उभी ठेवणं परवडत नाही. पैसे नक्की कुठे घालू ते कळत नाहीये. जाणकारांनी सांगा प्लीज.

मिरजेचा_डिझेलवाला

दादा, तुम्ही एक फार चांगलं केलंत, गाडी कधी तापते आणि कधी तापत नाही ते नीट लिहिलंत. लोक नुसतं "गाडी गरम होते" एवढंच लिहितात आणि मग प्रत्येक जण आपापल्या डोक्यातला पार्ट सांगतो. काटा चढला तेव्हा गाडी काय करत होती यावरूनच निम्मं कळतं.

तुमची गाडी सपाट रस्त्यावर, भरलेल्या मालासकट, उन्हात तापत नाही. म्हणजे पाणी फिरतंय आणि रेडिएटरला समोरून वारा मिळाला की तो काम करतोय. घाटात इंजिन पूर्ण ताकदीने चालतं पण गाडीचा स्पीड पंधरा-वीस, समोरून वारा जवळजवळ नाही. डिझेल जळून जी उष्णता होते त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकाला जाते, बाकी सायलेन्सरमधून आणि पाण्यातून बाहेर पडावी लागते. एवढा सगळा भार घाटात एकट्या पंख्यावर येतो. म्हणून मी हेड उघडायच्या आधी पंखा बघीन.

तुमच्या गाडीला बेल्टवर फिरणारा व्हिस्कस फॅन असणार. पंख्याच्या मधोमध जो जाड गोल डबा दिसतो तो क्लच, त्याच्या आत सिलिकॉन ऑइल असतं. डब्याच्या तोंडावर दोन धातूंच्या पट्टीची एक गुंडाळी असते, रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती गुंडाळी पिळते, आतला वॉल्व उघडते, ऑइल मधल्या फटीत जातं आणि पंखा पुलीला धरून जोरात फिरायला लागतो. इतक्या वर्षांत हे ऑइल झिरपून कमी होतं. मग पंखा फिरताना दिसतो, बॉनेट उघडून बघणाऱ्याला वाटतं चालू आहे, पण तो नुसता स्लिप होत असतो. मेकॅनिकला बऱ्याचदा हेच सापडत नाही कारण गॅरेजमध्ये गाडी उभी असताना तापतच नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना पंख्याला हाताने झटका द्या. थोडा अडून एखाद्या फेऱ्यात थांबला पाहिजे. गरगर तीन-चार फेरे मोकळा फिरला तर क्लच गेला. डब्याच्या पुढच्या बाजूला तेलकट, धूळ चिकटलेला डाग आहे का ते पण बघा, ऑइल बाहेर आल्याची खूण आहे ती. आणि घाटात गाडी तापायला लागल्यावर पंख्याचा घों असा मोठा आवाज यायला हवा, जुन्या ड्रायव्हरना तो आवाज माहीत असतो. तो आवाज तुमच्या गाडीला शेवटचा कधी आला ते आठवून बघा.

पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं काऊल जागेवर आहे का? रेडिएटर काढताना ते फुटतं आणि मग कोणी परत बसवत नाही. काऊल नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची इंजिनची गरम हवाच परत परत घुसळत राहतो. सपाटीवर याचा पत्ता लागत नाही, घाटात लागतो.

आता पाण्याचं. बाटली भरलेली आणि रेडिएटर कमी, हे मला झाकणाचं लक्षण वाटतं. त्या झाकणात दोन वॉल्व असतात. मोठा वॉल्व दाब धरून ठेवतो, साधारण ०.९ बारचं झाकण असेल तर पाणी १०० च्या ऐवजी ११८ च्या आसपास उकळतं, त्यात अर्धा कूलंट असला तर अजून वर, १२५ च्या पुढे. दुसरा छोटा वॉल्व गाडी थंड झाल्यावर बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेतो. रबर कडक झालं की दाब पण राहत नाही आणि परत ओढणं पण होत नाही, तुमच्याकडे दोन्ही होत असावं. बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली असेल तरी पाण्याऐवजी हवाच ओढली जाते, तीही बघा. झाकण दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतं, आधी ते बदला, आणि जुन्यावर जो आकडा आहे तोच आकडा बघून घ्या. जास्त दाबाचं लावलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही, जुने होज (रबरी पाइप) आणि झाळलेल्या टाक्या त्या दाबाने सुटतात.

हेड गॅस्केट नाहीच असं मी म्हणणार नाही, कारण गॅस पाण्यात शिरत असेल तरी बाटली भरते. पण ते ओळखायच्या खुणा आहेत. सकाळी थंड गाडीचं झाकण काढून, रेडिएटर काठोकाठ भरून स्टार्ट करा. सुरुवातीला थोडी हवा निघेल ती सोडा, पण बुडबुडे थांबतच नसतील, रेस केल्यावर वाढत असतील तर गॅस आहे. झाकण लावून थंड गाडी स्टार्ट केल्यावर मिनिटभरात, पाणी अजून गार असतानाच वरचा होज दगडासारखा कडक झाला तर तीच खूण. आणि रात्रभर उभ्या गाडीचा होज सकाळी पण फुगलेला असेल तर तीच. चांगल्या गॅरेजमध्ये निळं लिक्विड असलेली नळी असते, रेडिएटरच्या तोंडावर धरतात, जळालेला गॅस आला की लिक्विडचा रंग बदलतो. हे सगळं बघितल्याशिवाय कुणालाही हेडला पाना लावू देऊ नका.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवा. त्याबद्दल कोणी विचारलं तर सविस्तर लिहितो.

शाहूवाडी_लाईन

भावा हा घाट माझ्या रोजच्या वाटेवरचा आहे, गाडीचं वर सांगितलंय ते बरोबरच आहे मी चालवण्याचं सांगतो कारण गाडी दुरुस्त होईस्तोवर तुला माल तर न्यायचाच हाय.

पहिली गोष्ट, गाडी दमवू नको. बरेच जण घाटात डिझेल वाचवायला वरच्या गिअरवर रेटत राहतात, इंजिन घुरघुरत असतंय आणि काटा चढत असतोय. पंखा पण इंजिनच फिरवतंय, वॉटर पंप पण इंजिनच फिरवतंय, रेस कमी म्हणजे वारा कमी आणि पाणी पण हळू फिरणार. गिअर आधीच टाक, वळणाच्या आधी, आणि दोन-अडीच हजारच्या आसपास मोकळी चालू दे. सेकंडला दम टाकत असेल तर सरळ फर्स्ट.

दुसरं, पुढच्या ट्रकच्या बुडाला चिकटू नको. त्याच्या सायलेन्सरची आणि इंजिनची सगळी झळ तुझ्या जाळीत शिरते, धूळ पण. चांगलं अंतर ठेव, नाहीतर साखरप्यात चहाला थांब आणि त्याला जाऊ दे. पेट्या संध्याकाळी भरून रात्री उशिरा किंवा पहाटे घाट चढला तर दुपारच्यापेक्षा फार फरक पडतो आणि आंब्याला पण बरं, उन्हात ताडपत्रीखाली माल शिजतोय.

काटा चढायला लागला की गाडीचा हीटर फुल गरमवर टाक, ब्लोअर फुल, काचा खाली. घामाने भिजशील पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, तेवढी उष्णता केबिनमधून बाहेर जातीया. एसी असलेल्यांनी आधी एसी बंद करायचा. तरी नाही ऐकला तर लालला टेकायच्या आधी जागा बघून बाजूला घे. इंजिन लगेच बंद करू नको, पाणी असेल तर थोडी रेस ठेवून दोन-तीन मिनिटं चालू दे, पंखा आणि पंप चालू राहतो आणि टर्बो पण थंड होतोय. पण वाफ यायला लागली, किंवा पाणी गळताना दिसलं, तर ताबडतोब बंद. आणि हे लक्षात ठेव, चढलेला काटा एकदम धाडकन खाली आला तर गाडी थंड झाली असं समजायचं नाही. सेन्सरला पाणीच लागत नाहीये म्हणून पडलाय तो, पाणी संपलंय, तिथंच बंद कर.

झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. फडकं धरून पण नाही. उकळतं पाणी आणि वाफ तोंडावर येती, हात-तोंड भाजलेली माणसं बघितली आहेत या रस्त्यावर. अर्धा-पाऊण तास जाऊ दे, वरचा होज हाताने दाबता आला की मग उघड. आणि इंजिनवर बाटलीभर गार पाणी ओतणारे असतात त्यांना लांब ठेव, तापलेल्या हेडला चीर जातीया त्यानं.

चाकाला दगड लावशील तो निघताना उचलून बाजूला टाक. त्या वळणांवर रात्री मोटरसायकलवाले त्याच दगडांवरून पडतात.

बिनथर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट काढल्याने काही होत नाही, आपल्याकडे काय बर्फ पडतो का, माझी गाडी कित्येक वर्ष थर्मोस्टॅटशिवाय चालू आहे, विदर्भातल्या उन्हाळ्यात सुद्धा. थंड देशातली गरज आहे ती. ज्याने काढला त्याने बरोबर केलं.

मिरजेचा_डिझेलवाला

तुमची गाडी चालत असेल, मी नाही म्हणत नाही, पण पावसच्या दादांनी ते करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण सांगतो.

थर्मोस्टॅट साधारण ८२ डिग्रीला उघडायला लागतो (आकडा त्याच्यावरच छापलेला असतो) आणि पुढे दहा-बारा डिग्रीत पूर्ण उघडतो. तो उघडेपर्यंत पाणी रेडिएटरला न जाता बायपासच्या वाटेने इंजिनमध्येच फिरतं. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याची खालची चकती हीच बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर ती वाट कायमची उघडी. मग गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटर न बघताच परत इंजिनमध्ये जातो, आणि तेही नेमकं घाटात, जेव्हा प्रत्येक थेंब रेडिएटरमधून जायला हवा असतो. म्हणजे अशा इंजिनात थर्मोस्टॅट काढल्याने गाडी जास्त तापू शकते.

शिवाय इंजिन कायम थंड चाललं की डिझेल नीट जळत नाही, धूर जास्त, सिलिंडरच्या आतल्या लायनरची आणि पिस्टनच्या रिंगची झीज जास्त, ऑइलमध्ये घाण जास्त. हे नुकसान दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं काही होत नाही. बर्फाचा आणि थर्मोस्टॅटचा काही संबंध नाही, इंजिनला आपल्या ठरलेल्या तापमानावर काम करायचं असतं, नागपुरात पण आणि पावसला पण.

नवीन आणलेला सुद्धा तपासून बसवा. पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याला बांधून बुडाला न टेकता सोडा, खाली गॅस लावा. पाणी उकळायच्या आधीच तो उघडायला लागला पाहिजे आणि उकळी फुटली तेव्हा बोटाचं नख सहज जाईल एवढा उघडलेला दिसला पाहिजे. थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. बसवताना त्याच्या कडेला जी छोटी हलती पिन असते ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते.

घाटमाथा_इंजिनिअर

वरचं सगळं मान्य, पण एक बाजू राहिली आहे. पाणी थंड करणारी बाजू ठीक असून पण इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करत असेल तर काय? जुन्या पिकअपमध्ये मला हे वारंवार दिसतं. घाटात पळावी म्हणून कोणीतरी डिझेल पंपाचा स्क्रू वाढवून दिलेला असतो. ताकद वाढल्यासारखी वाटते, मागून काळा धूर येतो, आणि ते जास्तीचं डिझेल रेडिएटरलाच तापवतं. चढाला काळा धूर येत असेल तर पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला द्या, एअर फिल्टर बघा, आणि टर्बोच्या होजच्या क्लिपा सैल आहेत का ते बघा, हवा कमी मिळाली तरी तेच होतं.

ब्रेक पण बघा. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहिला की इंजिन घाट आणि ब्रेक दोन्हीशी झगडत असतं. सपाट रस्त्यावर थोडं चालवून, ब्रेक कमीत कमी वापरून थांबा आणि चारही ड्रम-डिस्कजवळ हात न लावता नुसता तळवा धरा, एकाची झळ वेगळी लागली तर तिथे पकड आहे. रिकाम्या गाडीला जॅक लावून चाक हाताने फिरवलं तरी कळतं.

जाळीसमोर काय काय लावलंय? मोठा बंपर गार्ड, चार फॉगलाईट, नंबरप्लेटच्या वर अजून एक पाटी, आंब्याच्या बागेचं नाव लिहिलेला बोर्ड, हे सगळं वारा अडवतं. निदान सीझनपुरतं काढा.

आणि काटा खरा बोलतोय का? पंधरा वर्षांच्या गाडीत सेन्सरची वायर, बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर गंजलेली असते, समुद्राकाठी तर नक्कीच. हेडलाईट लावल्यावर काटा वर सरकत असेल तर अर्थिंग खराब आहे. लेझरवालं टेंपरेचर गन कुणाकडे मिळालं तर थर्मोस्टॅटच्या घराजवळ मारून काट्याशी जुळवून बघा. त्याच गनने रेडिएटरच्या जाळीवर आडवं-उभं फिरवा, गरम जाळीत मध्येच थंड पट्टे सापडले तर तिथल्या नळ्या आतून बंद आहेत.

पावसचा_आंबेवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. काल दुपारी भावाबरोबर बसून सगळं बघितलं. झाकणाच्या रबराला चिरा आहेत. पंखा थंड गाडीत मोकळाच फिरतो, झटका दिला की गरगर, आणि डब्यावर तेलकट काळी वर्तुळं आहेत. काऊल आहे पण खालचा तुकडा नाही. झाकण उघडून स्टार्ट केली, सुरुवातीला थोडे बुडबुडे आले मग बंद झाले, होज कडक होत नाही. धूर साधा. ब्रेक ठीक. पण रेडिएटरच्या खालच्या भागातल्या जाळीला बोट लावलं तर पत्री (नळ्यांच्या मधल्या पातळ पट्ट्या) अक्षरशः भुगा होऊन पडते, आणि पाणी काढलं ते चहासारखं लाल.

आता दोन-तीन शंका. इथला एक जण म्हणतो व्हिस्कस नवीन घेऊ नको, स्क्रू मारून पंखा कायमचा लॉक करून देतो. दुसरा म्हणतो इलेक्ट्रिक फॅन लाव. रेडिएटरला पितळी टाक्या आहेत, तो दुरुस्त करू की अ‍ॅल्युमिनियमचा नवीन घेऊ? आणि कूलंट कुठल्या रंगाचा?

मिरजेचा_डिझेलवाला

छान काम केलंत, हेडचे पैसे सध्या तरी वाचले असं दिसतंय.

पंखा लॉक करणं हे रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं ठीक. कायम लॉक केला तर तो हायवेवर पण पूर्ण वेगाने फिरणार, डिझेल खाणार, वॉटर पंपाच्या बेअरिंगवर सतत ओढ राहणार, आणि प्लास्टिकची जुनी पाती जास्त रेसवर तुटली तर रेडिएटर फाडून बाहेर येतात. त्या वेळी कोणी बॉनेट उघडून वाकलेला असेल तर विचारच करवत नाही. व्हिस्कस क्लच नवीन घ्या. जुना खोलून सिलिकॉन ऑइल भरून देणारे आहेत, काही काळ चालतं, पण सील तेच राहतं. इलेक्ट्रिक फॅन छोट्या गाडीला बरा, भरलेली पिकअप घाटात ओढायला बेल्टवरच्या पंख्याएवढा वारा द्यायचा तर मोठा फॅन, वेगळा रिले, जाड वायर आणि अल्टरनेटर पण तसा लागतो. उगाच नवीन भानगड. काऊलचा तुकडा पण बसवून घ्या, मूळ पार्ट नाही मिळाला तर पत्र्याचा कापून लावला तरी चालतो, फक्त पंख्याला घासता कामा नये.

रेडिएटरची पत्री भुगा होते तो खाऱ्या हवेचा परिणाम. नळ्यांना पत्री चिकटलेलीच नसेल तर पाणी आतून कितीही फिरलं तरी उष्णता हवेला जाणार कशी? बाहेरून धुऊन त्याचा उपयोग नाही. टाक्या पितळी आणि चांगल्या असतील तर त्याच टाक्यांना नवीन तांब्याचा कोअर (नळ्या आणि पत्रीचा मधला भाग) बसवून घ्या, रत्नागिरी-कोल्हापूरकडे हे काम करणारे जुने रेडिएटरवाले अजून आहेत. नुसतं रोडिंग करून, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून चालणार नाही, कारण तुमचा दोष बाहेरचा पण आहे. प्लास्टिकच्या टाकीचा अ‍ॅल्युमिनियमवाला हलका असतो, थंड पण चांगलं करतो, पण टाकी चिरली की तिला झाळ लागत नाही.

मात्र कोअर नवीन बसवायच्या आधी इंजिनच्या आतलं पाणी पूर्ण साफ करा, नाहीतर ब्लॉकमधला सगळा गंज नवीन नळ्यांत जाऊन बसेल. ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडा, नुसतं रेडिएटरचं नळ उघडून निम्मं पाणी आतच राहतं. थर्मोस्टॅट काढलेलाच आहे तर याच वेळी होजने उलट्या दिशेने पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. हीटरच्या नळ्यांतून पण सोडा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड.

विहिरीच्या पाण्याबद्दल लिहायलाच हवं. आमच्या घाटावरच्या बोअरचं पाणी जड, ते आत गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर बसवतं. तुमच्या जांभ्यातलं पाणी हलकं असतं म्हणून लोकांना वाटतं चालेल, पण गंज रोखणारं त्यात काहीच नसतं, आणि समुद्राजवळच्या विहिरीला उन्हाळ्यात खारटपणा आला की लोखंड अजून लवकर खाल्लं जातं. तुमचं लाल पाणी म्हणजे तुमचा ब्लॉक आणि वॉटर पंपाचा आतला, पाणी ढकलणारा पंखाच विरघळून आलाय थोडाथोडा. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून ओल आलेली दिसली तर आत्ताच पंप पण बदला, बेल्ट उतरलेलाच असेल.

कूलंटचा रंग बघून घेऊ नका. हिरवा, लाल, निळा हा नुसता रंग आहे, कंपनीगणिक वेगळा. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ (कूलंटची भारतीय आणि जपानी मानकं) असं लिहिलंय का ते बघा, गाडीच्या पुस्तकात काय सांगितलंय ते बघा. रेडी असेल तर तसाच ओता, त्यात पाणी नको. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात, साधारण निम्मं-निम्मं. काही लोक नुसता कॉन्सन्ट्रेट भरतात, जास्त घट्ट म्हणजे जास्त थंड असं समजून. उलट आहे ते, ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता उचलतो. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही म्हणून तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कमी ठेवला तरी चालतं, त्याखाली मात्र नको, गंज रोखणारं औषध पुरत नाही. दोन प्रकारचे मिसळू नका.

भरताना गाडीचं तोंड चढाला ठेवा, हीटरचा नॉब गरमवर, झाकण उघडं, हळूहळू ओता, वरचा होज मधेमधे दाबा. स्टार्ट करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्या, पातळी एकदम खाली जाईल, भरा, झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना परत बघा. हवा अडकलेली राहिली तर नवीन सामानावर पण गाडी तापते आणि लोक म्हणतात मेस्त्रीने फसवलं.

जुना कूलंट कुठल्याच गाडीचा अंगणात किंवा व्हाळात सोडू नका. गोडसर असतो, कुत्री-गुरं पितात आणि मरतात. डब्यात भरून झाकण लावून ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं.

खंबाटकी_ते_कात्रज

याच धाग्यात विचारतो, वेगळा नको उघडायला. माझी पण जुनी पिकअप आहे पण माझं बरोबर उलट होतंय. खंबाटकीत भाजी भरून चढतो तेव्हा काही नाही, पंख्याचा आवाज मस्त येतो. पण साताऱ्याकडून हायवेला ऐंशीच्या वर थोडा वेळ धरली की काटा चढतो, साठला आणली की उतरतो. झाकण नवीन आहे, कूलंट पण आहे.

मिरजेचा_डिझेलवाला

तुमचा पंखा चांगला आहे, त्याला हात लावू नका. हायवेला वारा भरपूर असताना तापते म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाहीये. एक तर रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्यात, नाहीतर खालचा होज. तो होज पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला असतो. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत चपटा होऊ नये म्हणून तारेची स्प्रिंग असते, ती गंजून गेली किंवा नवीन होज बिनस्प्रिंगचा बसवला तर जास्त रेसवर पंप त्याला ओढून चपटा करतो आणि पाणी अडतं. गाडी उभी करून, हँडब्रेक लावून, एकाला तीन हजारपर्यंत रेस करायला सांगा आणि बाजूने बघा, पंखा आणि बेल्टपासून हात, शर्टाची बाही, गमछा लांब ठेवून. होज आत गेलेला दिसला तर स्प्रिंगवाला होज टाका. नाही दिसला तर रेडिएटर उतरवून आतून तपासून घ्या, आणि वॉटर पंपाचा पंखा गंजून बारीक झालाय का तेही त्याच वेळी बघा.